अर्धा दिवस की पूर्ण दिवस? किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात गाइडसोबत गळाची मासेमारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नदी-तलावावर गळ टाकायची सवय आहे, पण खाऱ्या पाण्यात पहिल्यांदाच उतरताय. सोबत एक मित्र आहे. गाइडने चार तास आणि आठ तास असे दोन पर्याय दिलेत. कोणता घ्यावा, तयारी काय करावी आणि मासे किती मिळतील असं धरून चालावं? मी स्वतः गाइडचंच काम करतो, त्यामुळे ‘मोठी ट्रिप घ्या’ हे माझ्या तोंडून ऐकताना तुम्हाला शंका येईल. येऊ द्या, पण कारण ऐकून घ्या.

पूर्ण दिवस घ्या. तास दुप्पट मिळतात हे त्याचं कारण नाही. बहुतेक किनाऱ्यांवर पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं. आठ तास पाण्यावर राहिलात तर पाणी निदान एकदा तुमच्यासमोर फिरणार, म्हणजे भरतीची ओहोटी किंवा ओहोटीची भरती होणार, आणि त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा जोरदार वाहता काळही हाती लागणार. चार तासांत ही हमी नाही. तारीख चुकली तर मधले दोन तास पाण्याला ओढच नसते आणि तुम्ही नुसते होडीत बसून राहता.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत-उतरत नाही. ढोबळ हिशेब बारा भागांचा आहे: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. भरती-ओहोटीत 3 मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम 25 सेंटीमीटर हलतं, आणि मधल्या दोन तासांत दीड मीटर. मासे बहुधा पाणी हलत असताना खातात, कारण तेव्हा छोटी बोई, कोळंबी, चिंगळं प्रवाहासोबत वाहत येतात आणि मोठ्या माशाला शिकारीसाठी दमावं लागत नाही. तो दगडाच्या किंवा खांबाच्या आडोशाला थांबतो आणि समोरून येईल ते उचलतो.

म्हणून तारीख सुट्टी बघून ठरवू नका, आधी भरतीचं कोष्टक बघा. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. या रविवारी सकाळी सहाला असलेली भरती पुढच्या रविवारी सकाळी सहाला नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही तुफान असते. चिखलाच्या खाडीत अशा दिवशी पाणी इतकं गढूळ होतं की लुअर, म्हणजे नकली आमिष, माशाच्या नाकासमोरून गेलं तरी त्याला दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी उलट फारच आळशी असतं. मला स्वतःला या दोन्हींच्या मधले दिवस आवडतात. स्वच्छ, उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात काम करणारा गाइड याच्या उलट सांगेल आणि त्याच्या पाण्यापुरतं ते बरोबर असेल. काही ठिकाणी, उदाहरणार्थ मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत, दिवसातून भरती एकच येते. तिथे माझं सहा तासांचं गणित लागू पडत नाही, तेव्हा कोष्टक त्या जागेचंच हवं. शिवाय कोष्टकातली उंची हा फक्त अंदाज असतो. जमिनीकडून समुद्राकडे जोराचा वारा असेल तर पाणी लिहिल्यापेक्षा कमी चढतं, आणि हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पातळी साधारण एक सेंटीमीटरने वाढते.

बुकिंग करताना गाइडला ‘मासे मिळतील का’ असं विचारू नका. या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर कुणाकडेच नसतं. त्याऐवजी विचारा: त्या दिवशी पाणी कधी फिरतं, आणि तुम्ही सकाळी कुठे, दुपारी कुठे न्याल? चांगला गाइड लगेच सांगतो की उतरत्या पाण्याला खाडीच्या तोंडाशी, चढत्या पाण्याला खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या) कडेला, आणि पाणी थांबलं की खोल खड्ड्यावर. जो तारीख बघण्याआधीच ‘या की, मिळतील’ म्हणतो त्याच्याबद्दल मी दोनदा विचार करेन. दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे होडीत किती माणसं असतील. लुअर फेकायचे असतील तर दोघं उत्तम, तिघं चालतील. चौघं झाले की कुणाचा तरी गळ कुणाच्या तरी कानात जातो. परवाना कुणी काढायचा, रॉड-रील, आमिष आणि बर्फ कुणाचा, हवामानामुळे ट्रिप रद्द झाली तर तारीख बदलून मिळते का, हे लेखी घ्या. आणि तुमची पातळी खरी सांगा. ‘कास्ट बरी जमते, पण खाऱ्या पाण्यात नवा आहे’ एवढं वाक्य पुरतं (कास्ट म्हणजे गळ किंवा लुअर फेकणं). मी ते ऐकलं की दिवसाची सुरुवात मोकळ्या पाण्यात करतो, तिवरांच्या मुळांत नाही.

अर्ध्या दिवसाला माझा विरोध नाही. सोबत लहान मूल असेल, कुणाला होडी लागत असेल, किंवा गाइडने चार तास नेमके वाहत्या पाण्यात बसवले असतील तर तोच घ्या. उन्हात आठ तास उभं राहणं हे अंगमेहनतीचं काम आहे, ते सगळ्यांना झेपत नाही.

सामानाबद्दल. गाइडचं सामान चांगलं असेल तर तेच वापरा. स्वतःचं न्यायचंच असेल तर सात फुटांची मध्यम ताकदीची रॉड, 3000 ते 4000 आकाराचं खाऱ्या पाण्याला टिकणारं स्पिनिंग रील, 20 पौंडांची ब्रेड लाइन (विणलेली दोरी) आणि पुढे दोन-तीन हात 30 पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर (गळाआधीचा चिवट तुकडा), एवढ्यात किनाऱ्यालगतची बहुतेक कामं होतात. लीडर हवाच. कालवांची धार आणि माशाचे खरखरीत जबडे ब्रेडला काही क्षणांत कापतात. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत सडपातळ, रॉडच्या कड्यांतून अलगद सरकते. पण हलत्या होडीत ती जमत नसेल तर डबल युनी गाठ मारा. अर्धवट बसलेल्या एफजीपेक्षा नीट आवळलेली युनी बरी. गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घासून तापते आणि तिथेच कमजोर होते.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील लाइन सोडेल ते ठरवणारा ब्रेक, तलावावरच्या अंदाजाने लावू नका. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश हा नियम आहे. 20 पौंडांची, म्हणजे सुमारे 9 किलोची लाइन असेल तर सव्वादोन ते तीन किलोच्या ओढीला ड्रॅग सुटला पाहिजे. हे हाताने कळत नाही, वजनकाट्याने मोजा. पहिला मासा लागल्यावर घाबरून ड्रॅगची चकती पिळणारे लोक मी सतत बघतो. मासा पळत असेल तर पळू द्या, ड्रॅग त्यासाठीच असतो.

तलावातून खाडीत आलेल्या माणसाची मोठी अडचण म्हणजे झटका. नायलॉन लाइन ताणते, म्हणून तिच्यावर जोरात झटका मारायची सवय लागलेली असते. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. त्याच जोराने मारलात तर गळ तोंडातून निसटतो किंवा ओठ फाडून बाहेर येतो. मनगटाने, आडवा, छोटा झटका पुरतो. पाण्यावर चालणारं पॉपरसारखं लुअर असेल तर मोह आणखी मोठा असतो. पाणी उसळलं, आवाज झाला, की हात आपोआप उठतो. उसळी बघून मारू नका. लाइनवर वजन आलं की मारा, तोवर लुअर चालवत राहा. बरेचदा मासा पहिल्या फटक्यात चुकतो आणि लुअर तिथेच असेल तर वळून पुन्हा येतो. तुम्ही ते हवेत उडवलंत तर तो कशावर येणार?

जिवंत आमिषावर सर्कल गळ असेल तर झटका अजिबात नाही. हा गळ आत वळलेला असतो. मासा आमिष घेऊन वळला की तो सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तुम्ही फक्त ढील संपवायची आणि संथ गुंडाळत राहायचं. झटका मारलात तर तो सरळ बाहेर येतो. हातांना हे शिकवायला वेळ लागतो. तोवर मी लोकांना रॉड कमरेला टेकवून फक्त रीलचा हात फिरवायला सांगतो.

आता दिवस कसा जातो ते. पहाटे निघतो, कारण उजेड कमी असताना मोठे मासे उथळ पाण्यात बिनधास्त येतात. आधी आमिष. गाइड पाग (फेकायचं जाळं) टाकून बोई किंवा कोळंबी धरतो आणि त्यात कधी अर्धा-पाऊण तास जातो. हा वेळ फुकट गेला असं समजू नका. बोई कुठे आहेत, कशाला घाबरून उड्या मारताहेत, हे बघूनच पुढची जागा ठरते. मग उतरतं पाणी असेल तर खाडीच्या लहान फाट्यांची तोंडं. तिवरांत शिरलेली सगळी चिल्लीपिल्ली पाण्यासोबत बाहेर पडते आणि तोंडाशी जिताडा किंवा तांबोशी वाट बघत असते. लुअर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून खाली वाहू द्यायचं. त्या पाण्यात खरं आमिषही प्रवाहाविरुद्ध पळत नाही.

कास्ट कुठे टाकायची हे गाइड घड्याळाच्या भाषेत सांगतो. होडीची नाळ (पुढचं टोक) म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. ‘दोन वाजता, पंधरा मीटर’ म्हटलं की मान नव्हे, आधी रॉड त्या दिशेला न्या. मग तो ‘थोडं डावीकडे’ म्हणून दुरुस्त करू शकतो. नवी माणसं मासा शोधत राहतात आणि तोवर मासा निघून जातो. तुम्हाला दिसला नाही तरी सांगितलेल्या जागी टाका. लांब कास्टची हौस सोडा. किनाऱ्यालगत पंधरा-वीस मीटरवर नेमकी पडणारी कास्ट चाळीस मीटरच्या अंदाजपंचे कास्टपेक्षा जास्त मासे देते. तिवरांच्या मुळांपासून दोन हात लांब पडलेलं लुअर बरेचदा वायाच जातं. मुळाला लागून पडलं तरच आतला मासा बाहेर येतो. तिथे दोन-चार लुअर अडकून तुटणार, ते धरून चाला.

मधे पाणी थांबतं. तेव्हा खाऊन घ्या, पाणी प्या, गाठी पुन्हा बांधा, लीडरवरून बोट फिरवून खरवड तपासा. ज्यांना बसवत नाही त्यांनी खोल खड्ड्यात जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) रबरी लुअर लावून तळाशी संथ टुकटुक करत राहावं. आणि हो, होडीवर केळी आणू नका. केळ्यांनी मासे लागत नाहीत ही जगभरच्या गळवाल्यांची अंधश्रद्धा आहे. मी ती मानत नाही, पण दुपारपर्यंत काही लागलं नाही तर सगळे तुमच्या पिशवीकडेच बघतील.

पाणी फिरल्यावर पहिला तास संथ असतो आणि इथेच पुष्कळ लोक कंटाळून ‘परत चला’ म्हणतात. थांबा. दुसऱ्या तासापासून नवा प्रवाह उभा राहतो आणि सकाळी ओस पडलेल्या जागा जाग्या होतात. चढत्या पाण्याला मासे खाजणाच्या कडांवर, कालवांच्या ढिगांवर चढतात. पूर्ण दिवसाच्या ट्रिपमध्ये उत्तम मासा शेवटच्या दोन तासांत लागणं ही माझ्याकडे नवलाची गोष्ट नाही.

मासा लागला की रॉड उभी धरून मागे झुकायचं नाही. होडीजवळ मासा आला असताना रॉड सरळ आकाशाकडे केली तर सगळा ताण टोकावर येतो आणि ग्राफाइट कडकन मोडतं. रॉड तिरपी, मासा खांबाकडे पळाला तर ओढ उलट बाजूला. लाइन हाताला गुंडाळून ओढायची नाही, ब्रेड बोट कापते. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, तिथे बोट घालू नका. शिंगाळा आला तर गाइडलाच सोडवू द्या. पाठीवरचा आणि बाजूचे काटे दातेरी आणि विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम, पण 45 अंशांच्या वर नाही अशा पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते न टोचलेल्या हाताने तपासायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत तुटला असेल तर सरळ डॉक्टर.

मासा सोडायचा की ठेवायचा हे आधी ठरवा, माशाला हवेत लटकवून चर्चा नको. बऱ्याच ठिकाणी किमान लांबीचा नियम असतो, काही ठिकाणी कमाल लांबीचाही, आणि दुसऱ्याला अर्थ आहे. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे सर्वांत मोठे जिताडे हीच अंडी देणारी पिढी. हेकरूचं बहुधा उलट, आधी मादी, पुढे नर. मोठा मासा सोडा असं मी म्हणतो ते यासाठी. नियम तुम्हाला ठेवायची परवानगी देत असले तरी.

सोडायचा असेल तर हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं. दोन्ही हातांनी आडवा धरा, जबड्याला लटकवू नका. फोटोपुरता श्वास रोखा. तुम्हाला हवा हवीशी वाटली की माशालाही पाणी हवं असतं. गळ घशात गेला असेल तर उपटू नका, लीडर तोंडाजवळ कापा. शेपटीच्या मुळाशी धरून तोंड प्रवाहाकडे करा आणि त्याने स्वतः फटका मारला की सोडा. पुढे-मागे घुसळू नका, कल्ल्यांतून पाणी एकाच दिशेने जायला हवं. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा हलक्या सामानावर अर्धा तास झुंजवण्यात काही शौर्य नाही.

लुअरला तीन टोकांचे गळ असतील तर ते काढून एकेरी लावा, गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने चेपा. माशाचं भलं होतंच, तुमच्या बोटाचंही. काटा चेपलेला गळ आला तसा निघतो. न चेपलेला बोटात रुतला तर गळाच्या वळणात दोरी घालून, दांडी कातडीवर दाबून, झटक्यात ओढायची रीत आहे. पण डोळ्याजवळ, चेहऱ्यावर किंवा सांध्यात असेल तर हात लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या. यकृताचा आजार किंवा कमजोर प्रतिकारशक्ती असेल आणि अंगावर उघडी जखम असेल तर कोमट मचूळ पाण्यात हात घालू नका. त्यातल्या व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग अशा माणसाला काही तासांत गंभीर होऊ शकतो.

कपड्यांचं फार काही नाही: लांब बाह्यांचा हलका सदरा, मान झाकणारी टोपी, डाग न पाडणाऱ्या तळाचे बूट. पोलराइज्ड चष्मा मात्र टाळू नका. चकाकी गेल्याशिवाय तळ दिसत नाही, आणि भिरभिरत्या गळापासून डोळाही वाचतो. उथळ पाण्याला तपकिरी काच बरी. डास पळवायच्या मलमात डीट असेल तर लावून झाल्यावर हात धुवा, ते रबरी लुअर आणि चष्म्याची काच दोन्ही खराब करतं. होडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. काही गोळ्यांनी झोप येते, डॉक्टरांना विचारा.

निघताना स्वतः बघा: लाइफ जॅकेट तुमच्या मापाचं आहे का, इंजिन बंद करणारी दोरी चालवणारा अंगाला अडकवतो का, व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का. संकटासाठीची वाहिनी 16. मेघगर्जना ऐकू आली की रॉड खाली ठेवा. ग्राफाइट विजेचं वाहक आहे आणि मोकळ्या पाण्यात सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा हातात घेऊ नका. यावर गाइडशी वाद घालू नका, आणि गाइडच टाळाटाळ करत असेल तर तुम्ही परत फिरायला सांगा.

अपेक्षेचं म्हणाल तर दोघांनी मिळून पाच-सहा चावे आणि त्यातले दोन-तीन मासे होडीत, हा नवख्यांसाठी चांगला दिवस मी मानतो. शून्यही होतं. तसं झालं तर पाणी कुठे अडलं, बोई कुठे गोळा झाली, गाइडने जागा का सोडली, हे विचारून घ्या, पुढच्या वेळी स्वतःहून उतरताना ते उपयोगी पडेल. जागांचे फोटो ठिकाणासकट टाकू नका, त्या जागांवरच गाइडचं पोट आहे.

ठेवलेला मासा लगेच मारून कल्ल्याजवळ कापून रक्त काढा आणि बर्फ व समुद्राचं पाणी यांच्या मिश्रणात बुडवा, नुसत्या बर्फाच्या खड्यांवर तो सगळीकडून सारखा थंड होत नाही. स्वतःचं रील नेलं असेल तर घरी पोचल्यावर ड्रॅग घट्ट करून त्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा.